एमरी होल्कमचं युनियन कार्ड

मंगळवार, २ मे १९७२. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

स्टुडिओत ड्रममागच्या स्टुलावर बसून स्टॉपवॉचला चावी देत होतो, तेवढ्यात मालक, मिस्टर बफर्ड लॅसिटर, आत आले आणि म्हणाले, "ऑर्विल, ऊठ तिथून. त्या स्टुलावर आता कुणी बसणार नाही."

मी उठलो. गेले चौदा महिने मी इथे टेपच्या डब्यांवर नावं लिहितो, झाडतो आणि त्या स्टुलाची वाट पाहतो. आमचा ड्रमवाला होमर गीस्ट मार्चमध्ये नोकरी सोडून मेहुण्याच्या मासेमारीच्या गळांच्या दुकानात गेला. तेव्हा मिस्टर बफर्ड म्हणाले होते, "तू वादकांच्या युनियनचं कार्ड आण, स्टूल तुझं." कार्डाशिवाय रेकॉर्डवर वाजवता येत नाही. कार्डासाठी परीक्षा असते. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक करणारं यंत्र, अर्धा मिनिट ऐकवतात, मग बंद करतात आणि त्याच लयीत चार मिनिटांत बसतील एवढे मोजके ठोके वाजवायला सांगतात. माझं पहिलं मिनिट चांगलं जातं. मग तीन परीक्षक माझ्याकडेच बघताहेत हे लक्षात येतं आणि हात पळू लागतात. गेल्या गुरुवारी मी दुसऱ्यांदा नापास झालो. चार मिनिटांचं काम मी तीन मिनिटं बावीस सेकंदांत उरकलं.

तिसऱ्यांदा नापास झालं की दोन वर्षं बसता येत नाही. मग मला मोज्यांच्या गिरणीत परत जावं लागेल. नववीत शाळा सोडल्यावर तिथे मी तीन वर्षं जोड्या जुळवल्या. एकही जोडी चुकली नाही, पण ते कुणाला सांगून उपयोग नाही.

दुपारी मिस्टर बफर्डनी गाडीतून एक लाकडी खोकं आणलं. हायवेवरच्या मोटेलच्या बारमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई लग्न करून निघून गेली, तिच्या शेजारी हे असायचं. वरती तालांची बटणं आहेत: वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट, रॉक. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि आतून ड्रम वाजतात, किंवा ड्रमची आठवण येईल असं काहीतरी. झाकणावर सिगारेटचे नऊ डाग आहेत.

"एकशे दहा डॉलर," मिस्टर बफर्ड म्हणाले. "दारू पीत नाही, उशिरा येत नाही, आणि याला मेहुणा नाही."

गुरुवार, ४ मे.

मशीन स्टॉपवॉच लावून तपासलं. मिनिटाला १२० ठोके असं लिहिलंय, तेवढे भरले. मग एसी सुरू केला तर ११६. एसी बंद केल्यावर पुन्हा १२०. सहा वेळा पाहिलं. तक्ता करून मिस्टर बफर्डना दाखवला.

त्यांनी तक्ता उलटा धरून पाहिला. "तुझं घड्याळ बिघडलंय."

"पण एसी बंद केला की घड्याळ बरोबर दाखवतं, मिस्टर बफर्ड."

"बाळा, हे यंत्र आहे. यंत्राची चूक होत नाही. म्हणून तर आणलं."

घड्याळवाल्याकडे जाऊन आलो. घड्याळ बरोबर आहे. पण तो म्हणाला, साखळी सैल झालीय, खिशात किणकिणते. दुरुस्तीचे दोन डॉलर मागत होता. राहू दे म्हटलं.

गुरुवार, ११ मे.

युनियनचे सेक्रेटरी, आणि माझ्या तीन परीक्षकांपैकी एक, मिस्टर क्लॉड पेटस आले. ते ट्युबा नावाचं मोठं पितळी वाद्य वाजवतात, आणि आमच्या गावात ट्युबा फक्त प्रेतयात्रेला लागतो, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो. त्यांनी मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हे कोण वाजवतं?"

"कुणी नाही," मिस्टर बफर्ड म्हणाले. "वीज वाजवते."

"कुणी नाही असं कागदावर लिहिता येत नाही, बफर्ड. रेकॉर्डवर ड्रम ऐकू आले, की ड्रमच्या रकान्यात नाव लागतं. नावाला कार्ड लागतं. कार्डाला वर्गणी लागते. दर सत्राचे नव्वद डॉलर त्या नावाने जमा झाले पाहिजेत."

"क्लॉड, हे खोकं आहे. खोक्याला नाव कुठून आणू?"

"नाव आणणं माझं काम नाही. माझं काम वर्गणी."

पाऊण तास भांडण चाललं. शेवटी मिस्टर पेटस म्हणाले, एखादा नवा सभासद अजून परीक्षेला बसला नसेल तर त्याला सप्टेंबरअखेरपर्यंत सवलत देता येते. वर्गणी मात्र आजपासून. मिस्टर बफर्डनी सत्राचा कागद माझ्याकडे सरकवला. "ऑर्विल, तुझं अक्षर बरं आहे. लिही कुणाचं तरी नाव."

मला एकदम सुचेना. मग आईचे मामा आठवले, एमरी होल्कम. ते रेल्वे फाटकावर होते आणि एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही फाटक उशिरा पाडलं नाही. वारून बरीच वर्षं झाली, ते हरकत घेणार नाहीत. स्वच्छ अक्षरात लिहिलं. मिस्टर पेटसनी तिथेच तात्पुरतं कार्ड फाडून दिलं. मिस्टर बफर्डनी ते मशीनच्या झाकणाला चिकटपट्टीने लावलं.

मला चौदा महिन्यांत जमलं नाही ते त्याला नऊ दिवसांत जमलं.

मंगळवार, १६ मे.

माझं नवीन काम: मशीनशेजारी बसून बटण दाबणे, मिस्टर बफर्ड "हवा" असं ओरडले की एसीचा प्लग काढणे (त्याचं स्विच मोडलंय, आणि त्याच्या घरघरीत रेकॉर्डिंग होत नाही), गाणं संपलं की प्लग परत लावणे. मशीनचा आणि एसीचा प्लग भिंतीवरच्या एकाच फळीत आहेत, दोन्ही तपकिरी. मी दोन्हींना चिठ्ठ्या बांधल्या.

रेकॉर्डिंगच्या वेळी मशीनचा आवाज वायरीतून थेट काचेपलीकडच्या यंत्रखोलीत जातो. खोलीत काही ऐकू येत नाही. हेडफोन चारच आहेत, ते वादकांना आणि गायिकेला. म्हणजे मशीन काय वाजवतंय हे खोलीत एकट्या मलाच ऐकू येत नाही.

आज ओरडाही खाल्ला. घाबरलो की माझी बोटं आपोआप चालू होतात. मशीनच्या झाकणावर बोटांची पेरं आणि जमिनीवर टाच. मिस्टर बफर्ड काचेआडून म्हणाले, "एमरीला वाजवू दे, ऑर्विल. त्याला पगार आहे."

मंगळवार, ६ जून.

सकाळी १० ते १ सत्र. मिस व्हर्लीन स्टोक्स आल्या होत्या. त्या बाप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख आहेत, चाळिशीच्या. गाण्याचं नाव "तुझी चावी टेबलावर आहे". नवऱ्याला घराबाहेर काढलेल्या बाईचं गाणं आहे, आणि मिस व्हर्लीन ते गातात तेव्हा वाटतं नवरा बाहेर अंगणात उभा आहे.

पहिले सहा प्रयत्न वाया गेले. मिस्टर बफर्ड म्हणाले, तू प्लगपाशी जातोस-येतोस, त्यात वेळ जातो, मशीन सोडून हलू नकोस, आज हवा मीच बंद करतो. सातव्या वेळी त्यांनी येऊन प्लग काढला. चिठ्ठी वाचायला ते चष्मा लावत नाहीत. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. दिवा गेला असावा, उद्या नवीन आणायचा. मी हाताने सुरू अशी खूण केली आणि सगळे थांबून राहिले. बास गिटारवाल्या डेव्हीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं, आणि माझी बोटं चालू झाली. मनात म्हणालो थांब, पण ती थांबेनात. टाचही. मिस व्हर्लीनचा माइक माझ्यापासून तीन पावलांवर. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गायला लागल्या.

चार मिनिटं मी प्रार्थना करत होतो, की माइकमध्ये माझी ठकठक जाऊ नये.

गाणं संपलं. मग मिस्टर बफर्ड बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता मशीनच्या झाकणावरून हात फिरवला. "कोण म्हणतं याला हृदय नाही?"

ठकठक कुणाच्या लक्षात आली नाही. वाचलो. आणखी एक नोंद: या वेळी मला अजिबात घाम आला नाही. एरवी हवा बंद केली की शर्ट पिळून निघतो. घरी येऊन ताप पाहिला, ९८.४. ठीक आहे.

बुधवार, ७ जून.

झाडताना मशीनचा प्लग जमिनीवर पडलेला सापडला. रात्री कुणाचा तरी पाय लागला असणार. परत लावला, दिवा आपोआप लागला. नव्या दिव्याचे ३५ सेंट वाचले.

मिस्टर बफर्डनी टेप पुन्हा ऐकली. त्यात एक बारीक घरघर आहे म्हणतात. मला वाटतं मागच्या नदीचा आवाज असेल. ते म्हणाले, राहू दे, वातावरण येतं.

शुक्रवार, १४ जुलै.

गाणं बर्मिंगहॅमच्या रेडिओवर दिवसाला आठ वेळा लागतं. आज वर्तमानपत्रात आलं. कापून चिकटवतोय. त्यात लिहिलंय, "ड्रमवादक एमरी होल्कम यांचा हात असा आहे की यंत्राची नियमितता आणि माणसाची काळजी एकत्र ऐकू येते. मधूनच येणारी ती घुंगरासारखी बारीक किणकिण हे त्यांचं खास वैशिष्ट्य."

डॉक्टर असावेत अशा अक्षरातलं एक पत्र आलं, की होल्कम शिकवणी घेतात का. मी नम्रपणे नाही कळवलं आणि सही "एमरी होल्कम यांच्या वतीने" अशी केली.

मिस्टर बफर्ड दिवसभर मशीनला "एमरी" म्हणत होते. जेवताना त्याच्यावर कॉफीचा कप ठेवला म्हणून डेव्हीला ओरडले.

मंगळवार, ८ ऑगस्ट.

मिस व्हर्लीनचं दुसरं गाणं. अठ्ठावीस प्रयत्न झाले. मशीन चालू होतं, दिवा लागत होता, प्लग मी स्वतः पाहिले. मी बोटं मांडीखाली दाबून बसलो होतो, एकदाही ठकठक केली नाही. तरी मिस्टर बफर्ड म्हणतात, एमरीचं मन नाही लागलेलं.

मिस व्हर्लीननी बाराव्या प्रयत्नानंतर हेडफोन काढून ठेवला. "बफर्ड, हे काय वाजतंय? कोंबडी दाणे टिपतेय असं वाटतं."

"तेच मशीन आहे, मिस व्हर्लीन. त्याच बटणावर."

"मग जूनमध्ये याच्यात कोण शिरलं होतं?"

मला वाटलं, त्यांना माझी जूनची ठकठक आठवली आणि आता त्या सांगणार. त्या माझ्याकडेच बघत होत्या. पण बोलल्या नाहीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अरे पोरा, मशीनला पेरं नसतात."

घरी येताना विचार केला. खरंच नसतात. मला कळलं नाही हे त्या मला का सांगत होत्या.

मंगळवार, २२ ऑगस्ट.

गेल्या दोन आठवड्यांत:

मिस्टर बफर्डनी अटलांटाहून मेकॅनिक बोलावला. त्याने मशीन उघडलं. किणकिण कुठून येते ते त्याला सापडेना. वर्तमानपत्राचं कात्रण हातात धरून तो तासभर आत टॉर्च मारत होता. म्हणाला, असा भाग यात बसवलेलाच नाही, कदाचित झिजून पडला असेल. झिजून पडलेल्या भागाचे साठ डॉलर घेतले.

मग दुसरं मशीन आणलं, मग तिसरं. आता तीन मशीन आहेत आणि तिन्ही एमरी आहेत. कार्ड एकच असल्यामुळे ते वाजणाऱ्या मशीनला लावतो.

काल मी नवीन गाण्याच्या वेळी पुन्हा नकळत झाकणावर ठोके दिले. मिस्टर बफर्ड चिडले. "तुझ्यामुळेच त्याचं लक्ष जातं." आज ते घरून बायकोचे ओव्हनचे हातमोजे घेऊन आले. जाड, कोंबड्यांचं चित्र असलेले. आता मी ते घालून बटण दाबतो.

गिरणीच्या फोरमनचं पत्र आलंय. माझी जुनी जागा रिकामी आहे, ३० सप्टेंबरपर्यंत हो की नाही कळवायचं. हातमोजे घालून पत्र उघडता येईना, दातांनी उघडलं.

मंगळवार, १२ सप्टेंबर.

मिस्टर पेटस आले. या वेळी मशीनभोवती फेऱ्या मारल्या नाहीत, सरळ खुर्चीत बसले. रेकॉर्डच्या चाळीस हजार प्रती खपल्या. वरच्या कार्यालयातून विचारणा झालीय, होल्कमची परीक्षा झाली का. गुरुवार २८ सप्टेंबरला झाली नाही तर नाव कमी होणार, आणि ज्या रेकॉर्डवर बिनकार्डाचा माणूस वाजला ती सगळीच अडकणार.

"त्याला घेऊन ये, बफर्ड. चार मिनिटं वाजवू दे."

"क्लॉड, तुला माहितीय एमरी कोण आहे."

"मला माहितीय एमरीची वर्गणी वेळेवर येते. याच्यापलीकडे मला काही माहीत करून घ्यायचं नाही."

ते गेल्यावर मिस्टर बफर्ड बराच वेळ माझ्याकडे बघत होते. आजवर त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"ऑर्विल, तुझ्या मापाचा माझा एक निळा कोट आहे."

मी सांगितलं की त्याच गुरुवारी सात वाजता माझी स्वतःची तिसरी परीक्षा आहे. फी भरून झालीय.

"मग साडेसातला एमरीची. तू तुझी दे, खाली जा, कोट चढव, काळा चष्मा लाव, वर ये."

"मिस्टर बफर्ड, तिन्ही परीक्षक मला ओळखतात. मिस्टर ड्यूईंचं गवत मी दर शनिवारी कापतो."

"म्हणूनच ते तुला ओळखणार नाहीत. जो गवत कापतो त्याच्याकडे कोण बघतं?"

मी विचारलं की एमरी म्हणून वाजवायचं काय. ते म्हणाले, काही नाही. मशीन घेऊन जाऊ. एमरी मशीन वाजवतो हे कागदावर आहेच. तू बटण दाब आणि शेजारी बस.

रात्री झोप नाही. चिंता अशी: ऑर्विल नापास झाला आणि एमरीही पकडला गेला तर मी दोन माणसं म्हणून एकाच संध्याकाळी बाहेर पडेन.

गुरुवार, २८ सप्टेंबर. रात्री ११ वाजून १० मिनिटे.

सविस्तर लिहितो.

युनियनचा हॉल न्हाव्याच्या दुकानाच्या वर आहे. बरोबर सातला ऑर्विल टिडवेल म्हणून गेलो. मेट्रोनोम ऐकला. वाजवायला लागलो. पहिलं मिनिट चांगलं गेलं. मग मिस्टर ड्यूईंनी चष्मा पुसला आणि मला वाटलं, नापास. हात पळाले. तीन मिनिटं एकतीस.

"गेल्या वेळेपेक्षा नऊ सेकंदांनी बरं," मिस्टर पेटस म्हणाले. "वाईट वाटतं रे. दोन वर्षांनी ये. आता जरा थांब हवं तर, पुढचा माणूस मोठा आहे. ऐकलंस तर शिकशील."

मी म्हटलं, मला थांबता येणार नाही, काम आहे.

खाली न्हाव्याकडे कोट घातला. बाह्या लांब होत्या. मिस्टर बफर्ड मशीन उचलून आणत होते, आणि मिस व्हर्लीन त्यांच्या मागे. त्या कशाला आल्या हे कळलं नाही. मला कोटात बघून त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

साडेसातला वर गेलो. मिस्टर पेटस उठून उभे राहिले. "या, मिस्टर होल्कम. फार ऐकून आहोत." मिस्टर ड्यूईंनी हात मिळवला आणि विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मी म्हटलं, इथून जवळच. ते म्हणाले, छान, छान.

मशीन टेबलावर ठेवलं, मिस्टर बफर्डनी भिंतीला प्लग लावला. मेट्रोनोम ऐकवला, मी मशीनची चक्री फिरवून लय जुळवली, मग मेट्रोनोम बंद. मी बटण दाबलं.

दिवा लागला नाही. आवाज नाही. मी पुन्हा दाबलं. तीन परीक्षक माझ्याकडे बघत होते, आणि मी तर मी नव्हतोच. बोटं आपोआप झाकणावर गेली. हातमोजे स्टुडिओत राहिले होते. पेरं चालू झाली, टाच चालू झाली, वरच्या खिशात स्टॉपवॉचची साखळी किणकिणू लागली. मनात एकच होतं, की आता दिवा लागेल, आता लागेल. परीक्षकांकडे पाहिलंच नाही, दिव्याकडेच पाहत होतो. चष्म्यातून तो तसाही नीट दिसत नव्हता.

मिस्टर पेटसनी हात वर केला. चार मिनिटं, शून्य सेकंद.

मग मिस्टर ड्यूई म्हणाले, "मशीन असावं तर असं." तिसरे परीक्षक म्हणाले, "तो टिडवेल थांबायला हवा होता."

कार्ड तिथेच मिळालं, पक्कं, शिक्क्यासकट. सही करताना होल्कम बरोबर लिहिलं.

वळून पाहिलं तर मिस व्हर्लीन भिंतीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या हातात मशीनचा प्लग होता. बहुतेक मी बटण दाबायच्या आधीपासून. त्यांनी तो माझ्यासमोर वर धरून दाखवला, दोन्ही पाती दिसतील असा, आणि मग पर्समधून पुदिन्याची गोळी काढून मला दिली.

शुक्रवार, २९ सप्टेंबर.

सकाळी सातला, कुणी यायच्या आत, स्टुडिओत जाऊन ६ जूनची टेप लावली. पहिल्यांदाच हेडफोन घातले. घरघर नदीची नाही. एसीची आहे, दीड वर्ष ऐकलेली. हवा बंद झालीच नव्हती. दुसऱ्या कडव्यात किणकिण आली. तेव्हा मी खिशातून घड्याळ काढून कानाशी हलवलं.

टेप चार वेळा ऐकली. वेळ चारही वेळा सारखी. कुठेही पळालेलं नाही.

साडेनऊला मिस्टर बफर्ड आले. त्यांना सगळं क्रमाने सांगितलं: प्लग, चिठ्ठी, दिवा, घाम, साखळी. ते ऐकत होते. मग उठून त्यांनी दाराला आतून कडी लावली.

"हे कुणाला बोललास?"

"नाही. मिस व्हर्लीनना माहीत आहे."

"त्या नाही बोलणार." ते बराच वेळ एमरीच्या झाकणावर बोट फिरवत राहिले. "ऑर्विल, चाळीस हजार लोकांनी मशीनवरची रेकॉर्ड म्हणून ही घेतलीय. उद्या कळलं की आत माणूस होता, तर लोक म्हणतील आम्ही फसवलं."

"पण कागदावर माणसाचंच नाव आहे, मिस्टर बफर्ड. एमरी होल्कम."

"ते कागदावर. कागद कोण ऐकतं?"

मग त्यांनी विचारलं की सोमवारी मिस व्हर्लीनच्या गाण्याला मी बसेन का. खोक्याशेजारी, प्लग काढून, हातमोज्यांशिवाय. स्टुलावर नाही. स्टुलावर बसायला ऑर्विल टिडवेलकडे कार्ड नाही, आणि दोन वर्षं मिळणारही नाही. एमरीला मात्र कुठेही बसता येतं.

मी हो म्हटलं. हातमोजे त्यांच्या बायकोला परत पाठवले.

शनिवार, ३० सप्टेंबर.

खर्च. ऑर्विल टिडवेल, परीक्षा फी, ५ डॉलर. एमरी होल्कम, परीक्षा फी, ५ डॉलर, तीही मीच भरली. काळा चष्मा, १ डॉलर २९ सेंट. साखळी दुरुस्त न केल्याने वाचलेले, २ डॉलर.

येणं. एमरी होल्कमचं नऊ सत्रांचं मानधन, ८१० डॉलर, मिस्टर बफर्डच्या खणात बंद पाकिटात. त्याने स्वतः येऊन सही केली की मिळेल. एक पान भरून सही करून पाहिली. शेवटच्या ओळीपर्यंत हात बसला.

ऑर्विल टिडवेलचं येणं, काही नाही.

देणं. गिरणीच्या फोरमनला नकाराचं पत्र, आज शेवटची तारीख. तिकीट आठ सेंट, लावून झालं. मजकूर दोन वेळा तपासला, एकही चूक नाही. खाली नाव कुणाचं लिहायचं तेवढं राहिलंय.